खुडूक कोंबडी अंडी सोडून उठतेय? रात्री खुराड्यात बॅटरी मारून बघा

लोणंद (ता. खंडाळा) : माउलींची पालखी लोणंदचा मुक्काम हलवून तरडगावकडं निघते, त्याच्या आगंमागं पावसाला सुरुवात होते. हवेत दमटपणा आला की खुराड्यातला एक जुना त्रासही सुरू होतो. कोंबड्या संध्याकाळी आत जायला तयार होत नाहीत, झाडावर नाहीतर पत्र्यावर जाऊन बसतात. अंडी कमी होतात. खुडूक कोंबडी दहा-बारा दिवस नीट बसते आणि एक दिवस अंडी गार टाकून उठते. घरातल्यांना वाटतं मांजर आलं असेल, साप आला असेल, कुणाची तरी नजर लागली असेल. बऱ्याच वेळा खरं कारण दांडीच्या फटीत लपलेलं असतं, खसखशीच्या दाण्याएवढं.

या किड्यांना कुणी पिसवा म्हणतं, कुणी उवा, कुणी नुसतं लाल किडे. दवाखान्यात आणि औषधाच्या दुकानात त्यांना माइट म्हणतात. मिरचीवर, डाळिंबावर पडणारा लाल कोळी शेतकऱ्याला माहीत आहे, हा त्याच्याच नात्यातला. फरक एवढाच, तो पानातला रस शोषतो आणि हा कोंबडीचं रक्त. पिसू आणि ऊ हे सहा पायांचे कीटक, तर माइटला गोचिडासारखे आठ पाय असतात. हे सांगायचं कारण असं, की नाव चुकलं की औषधही चुकतं.

कोण कुठं राहतो, हे आधी ओळखा

सगळ्यात जास्त फसवतो तो लाल माइट. तो कोंबडीच्या अंगावर राहतच नाही. दिवसभर दांडीच्या खाली, लाकडाच्या भेगेत, पत्र्याच्या जोडात, डालग्याच्या विणीत, अंड्याच्या पाटीच्या तळाला दडून बसतो. रात्री कोंबड्या झोपल्या की बाहेर येतो, तास-दीड तास रक्त पितो आणि परत फटीत जातो. उपाशी असताना करडा दिसतो, पोट भरल्यावर लालभडक. त्यामुळं दिवसा कोंबडी हातात धरून पिसं उलटी करून बघितली तर काहीच सापडत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. इथंच घोळ होतो.

दुसरा प्रकार उलटा. तो जन्मभर कोंबडीच्या अंगावरच असतो, विशेषतः मागच्या बाजूला, विष्ठेच्या जागेभोवती. तिथली पिसं काळपट, तेलकट, चिकट दिसतात, पिसांच्या मुळाशी पांढरट अंड्यांचे पुंजके असतात आणि कातडीवर खपल्या धरतात. आपल्यासारख्या उष्ण भागात याचा एक सख्खा भाऊ सापडतो, तो अंड्याच्या पाटीतही अंडी घालतो. कोंबडी उचलली की हातावर बारीक काहीतरी चालल्यासारखं वाटतं, ते हेच. कोंबड्याच्या अंगावर हे किडे कोंबडीपेक्षा जास्त असतात, म्हणून तपासायला सुरुवात कोंबड्यापासून करावी.

तिसरा पायाच्या खवल्याखाली घर करतो. त्याचं पुढं बघू.

आणि चौथा पाहुणा म्हणजे कोंबडीचा गोचीड. तो माइट नव्हे, पण लाल माइटसारखाच भिंतीच्या फटीत राहतो आणि रात्री चावतो. जुन्या दगडमातीच्या भिंतींत, गोठ्याला लागून असलेल्या खुराड्यात तो हमखास. मोठा गोचीड काही न खाता दोन वर्षांहून जास्त तग धरतो. त्याच्यापासून कोंबड्यांना ताप येतो, हिरवी हगवण लागते, पाय लुळे पडतात. त्याची पिल्लं मात्र काही दिवस पंखाखाली चिकटून असतात, काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात.

रात्री नऊनंतरची तपासणी

मोबाईलची बॅटरी इथं खरी कामाला येते. अंधार पडून दोन-तीन तास झाले की खुराड्यात जावं. दांडीच्या खालच्या बाजूवर उजेड मारावा. एक पांढरा कागद किंवा पांढरं फडकं दांडीच्या खालून, टोकापासून टोकापर्यंत दाबून फिरवावं. फडक्यावर लाल-तपकिरी रेघोट्या उठल्या तर ते कोंबडीचं रक्त आहे, किड्याच्या पोटातलं. फोटो काढून मोठा करून बघितला तर पायही दिसतात. तोच फोटो डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडतो.

दिवसा बघायचं असेल तर दांडी जिथं भिंतीला टेकते ते टोक बघावं. तिथं मिठात मिरी मिसळल्यासारखी करडी-पांढरी भुकटी दिसते. ती किड्यांची कात आणि विष्ठा. अंड्याच्या टरफलावर बारीक लाल ठिपके असतील तर तीही खूणच.

अजून एक सोपी युक्ती आहे. खोक्याचा नागमोडी पुठ्ठा हातभर कापून, गुंडाळून दांडीखाली बांधून ठेवायचा. फटी आवडणारा किडा त्या पुठ्ठ्याच्या नळ्यांत शिरतो. तीन-चार दिवसांनी सकाळी पुठ्ठा सोडून पिशवीत घालून बघायचा आणि जाळून टाकायचा. किती किडे सापडले यावरून त्रास वाढतोय की कमी होतोय हे कळतं. पुठ्ठ्यानं किडे संपत नाहीत, फक्त अंदाज येतो.

ज्या बाईमाणसाला रोज सकाळी अंडी गोळा केल्यावर हातावर, मानेवर खाज सुटते, अंगावर लाल पुळ्या येतात, त्यांनी दवाखान्यातून मलम आणण्याच्या आधी एकदा खुराडं बघावं. हे किडे माणसालाही चावतात. ते माणसाच्या अंगावर घर करत नाहीत, पण चावून जातात.

एकवीस दिवसांचं गणित

गावरान कोंबड्या पाळणाऱ्या घरात नुकसान कुठं होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. उष्ण, दमट हवेत लाल माइटची एक पिढी साधारण आठवड्यात पुरी होते. कोंबडी अंड्यावर बसते २१ दिवस. ती एकाच जागी, रात्रंदिवस हलत नाही. म्हणजे पाटीत सुरुवातीला मूठभर किडे असले तरी पिल्लं निघायच्या आत त्यांच्या तीन पिढ्या होतात, आणि सगळ्यांचं जेवण एकच कोंबडी. शेवटच्या आठवड्यात तिला सहन होत नाही, ती उठते. अंड्यात पिल्लू जवळजवळ तयार झालेलं असतं, ते वाया जातं. आणि कोंबडी उठली नाही, पिल्लं निघाली, तर ते किडे पिल्लांवर चढतात. दोन दिवसांच्या पिल्लाच्या अंगात रक्त ते किती. पिल्लं पांढरी पडून, पंख पाडून मरतात.

मोठ्या कोंबडीचा तुरा फिका पडतो, वजन उतरतं, ती दिवसाही पेंगत असते. बारीक पाहिलं तर हे सगळं हळूहळू, पंधरा-वीस दिवसांत होतं. अंड्याचे पैसे बहुतेक घरात बाईच्या हातात असतात. गुरुवारच्या बाजारात तेल-मीठ त्यावर होतं. त्यामुळं दहा कोंबड्यांचं खुराडं म्हणून दुर्लक्ष करण्याजोगी ही गोष्ट नाही.

आधी खुराडं, मग कोंबडी

लाल माइट खुराड्यात राहतो म्हणून कोंबडीला कितीही औषध लावलं तरी तो संपत नाही. आधी घर साफ करावं लागतं. कोरडा, उन्हाचा दिवस निवडावा. कोंबड्या सकाळी सोडल्या की सगळं बाहेर काढायचं. खालचा भुसा, तूस, जुनं गवत ओढून लांब नेऊन जाळायचं. शेजारच्या उकिरड्यावर टाकलं तर किडे चार दिवसांत परत येतात. दांड्या, पाट्या, डालगी बाहेर काढून उकळतं पाणी ओतायचं. नुसतं कोमट पाणी उपयोगाचं नाही, चटका बसला पाहिजे. ४५ अंशांच्या वर हा किडा टिकत नाही. त्यामुळं उन्हाळ्यात हेच सामान काळ्या प्लॅस्टिकखाली गुंडाळून दुपारभर उन्हात ठेवलं तरी काम होतं. पावसाळ्यात उकळत्या पाण्याशिवाय पर्याय नाही.

भिंत दगडाची किंवा विटांची असेल तर फटी मातीनं, सिमेंटनं बुजवाव्यात आणि वरून दाट चुना मारावा. एक किलो विरवलेल्या चुन्याला चार-पाच लिटर पाणी पुरतं. चुना फटीत शिरला पाहिजे, वरवरचा हात फिरवून उपयोग नाही. चुना वाळेपर्यंत कोंबड्या आत घेऊ नयेत, पाय आणि डोळे भाजतात. लोखंडी जाळी, पत्रा, दगड यांवर ज्योतीची बत्ती फिरवता येते. पण लाकूड, पाचट, गंजी जवळ असेल तर तो खेळ करूच नये.

रिकामं ठेवलं की किडे उपाशी मरतील असं बरेच जण धरून चालतात. थंड, दमट जागेत लाल माइट सात-आठ महिने काही न खाता जगतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एवढा टिकत नाही, पण महिनाभर खुराडं बंद ठेवून नवी पिल्लं आणली आणि तीही गेली असं होऊ शकतं.

दांडीची रचना थोडी बदलली तर कायमचा फायदा होतो. सालीसकट असलेली, भेगा पडलेली फांदी काढून टाकावी. गुळगुळीत रंधलेली दांडी किंवा लोखंडी नळी बसवावी, आणि ती भिंतीला न टेकवता खाली पायांवर उभी करावी. पाय तेल घातलेल्या डब्यात उभे केले की जमिनीवरून किड्याला वर चढता येत नाही. डालगं मात्र विणलेलं असल्यानं त्याला शेकडो फटी. खुडूक बसवायला डालग्याऐवजी प्लॅस्टिकची पाटी किंवा पत्र्याचा डबा बरा. तळाला राख, वर ताजं कोरडं गवत.

राख आणि गंधक

कोंबडी स्वतःची साफसफाई स्वतः करते, मातीत लोळून. तिला कोरडी जागा मात्र पाहिजे. पावसाळ्यात सगळं अंगण ओलं असतं आणि नेमकं तेव्हाच किडे वाढतात. म्हणून पत्र्याखाली एखादी जुनी घमेली किंवा फुटकं पिंप आडवं कापून त्यात लोळायला कोरडी माती आणि चुलीची चाळलेली राख अर्धी-अर्धी भरून ठेवावी. ओली झाली की बदलावी.

त्यात गंधक घातला तर फरक जास्त पडतो. सांगली, तासगावच्या द्राक्षवाल्यांना गंधकाची भुकटी नवी नाही, भुरीवर ते धुरळतातच. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी कोंबड्यांच्या लोळायच्या जागेत वेगवेगळ्या भुकट्या ठेवून बघितल्या. अंगावर राहणाऱ्या माइटवर गंधक सगळ्यात चांगला ठरला. इतर भुकट्यांनी किडे कमी होत, पण भुकटी काढली की परत वाढत. चार-पाच वाट्या माती-राखेला एक वाटी गंधक हे घरगुती प्रमाण चालतं. साधी धुरळणीची भुकटी घ्यावी, त्यात दुसरं कीटकनाशक मिसळलेलं नाही ना हे पाकिटावर वाचावं. मिसळताना तोंडाला फडकं बांधावं, डोळे सांभाळावेत. चुलीजवळ ठेवू नये, गंधक पेट घेतो.

अंगावरच्या किड्यांसाठी साबणाचं पाणीही कामी येतं. भर दुपारी, ऊन असताना, कोंबडीची मागची बाजू साबणाच्या पाण्यानं पिसांच्या मुळापर्यंत भिजवायची आणि तिला उन्हात वाळू द्यायची. पाच-सात दिवसांनी परत. पावसाच्या दिवसात मात्र करू नये, गारठून मरेल.

कडुनिंबाची धुरी देण्याची पद्धत गावोगाव आहे. धूर फटीत पोचत नाही. किडे तसेच राहतात आणि कोंबड्यांची छाती भरते. कडुनिंबाचं किंवा करंजाचं तेल दांडीला चोळणं त्यापेक्षा बरं. तंबाखूचं पाणी, रॉकेल, गाडीचं जळकं ऑइल कोंबडीच्या अंगाला लावणं तर साफ चूक. तंबाखू पक्ष्याला विषारी, आणि ऑइल कातडीतून आत जातं.

फवारणीचं उरलेलं औषध खुराड्यात नको

खरा धोका इथं आहे. रानात फवारून पंपात तळाला राहिलेलं औषध खुराड्यात मारायची सवय काही ठिकाणी आहे. किडे मरतात हे खरं, पण पक्षी या विषांना जनावरांपेक्षा कितीतरी नाजूक असतात. भिंतीवरचे मेलेले किडे कोंबडी टिपून खाते. आणि ती कोंबडी त्याच दिवशी अंडं देते, ते पोराच्या ताटात जातं. जुनी माणसं अजून नुवानचं नाव काढतात. ते म्हणजे डायक्लोरव्हॉस, त्याच्या वापरावर देशात २०२० अखेरपासून बंदी आहे.

हे किती मोठं होऊ शकतं ते युरोपानं २०१७ साली बघितलं. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये अंड्याच्या पोल्ट्र्यांत लाल माइट मारायला फिप्रोनिल वापरलं गेलं. खाण्याच्या जनावरांसाठी ते तिथं चालत नाही. वनस्पतीचं औषध म्हणून विकलेल्या फवारणीत ते मिसळलेलं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये तपासणीत अंड्यांत अंश सापडले, लाखो अंडी दुकानांतून परत घेऊन नष्ट केली, कोंबड्या मारल्या, शेकडो पोल्ट्र्यांवर विक्रीबंदी आली. ती अंडी हाँगकाँगपर्यंत पोचलेली होती. फिप्रोनिल चरबीत मुरतं आणि पुढं बरेच दिवस बलकातून उतरत राहतं. हेच फिप्रोनिल आपल्याकडं उसाला आणि भाताला दाणेदार आणि पातळ अशा दोन्ही रूपांत मिळतं, बहुतेक घरांच्या माळ्यावर एखादा डबा असतोच. तो खुराड्याकडं न्यायचा नाही.

कोंबडीसाठी चालणारी औषधं आहेत. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन ही जनावरांच्या दुकानात मिळणारी औषधं रिकाम्या खुराड्यात फटींवर मारतात. पण प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्यावं, गाईचं प्रमाण कोंबडीला लावू नये. मारताना खाद्य, पाणी, अंडी बाहेर काढायची, खुराडं पूर्ण वाळल्यावरच पक्षी आत घ्यायचे. आयव्हरमेक्टिन मेडिकलमधून आणून अंदाजानं पाजणारेही आहेत. डॉक्टरांनी दिलं तर ठीक, पण मग किती दिवस अंडी खायची नाहीत आणि विकायची नाहीत हे त्यांनाच विचारून तेवढे दिवस पाळायचे. लहान पिल्लांना आणि अंड्यावर बसलेल्या कोंबडीला यातलं काहीही लावायचं नाही.

एकदा फवारून काम होत नाही, हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. औषध चालत्या किड्याला मारतं, त्याच्या अंड्याला नाही. आठवड्यात ती अंडी फुटतात. म्हणून सातव्या दिवशी दुसरा हात, चौदाव्या दिवशी परत फडकं फिरवून बघणं, आणि रेघ उठली तर तिसरा हात. पहिल्या फवारणीनंतर चार दिवस किडे दिसत नाहीत म्हणून जो थांबतो, तो महिन्याभरानं परत पहिल्या जागी असतो. शिवाय एकच औषध वर्षानुवर्षं मारत राहिलं की किडे त्याला दाद देत नाहीत, हे मिरचीवाल्याला सांगायला नको.

पायावरची भुईमुगाची टरफलं

म्हाताऱ्या कोंबडीच्या पायाचे खवले उचललेले, खडबडीत, पांढरट झालेले दिसतात, जसं पायाला भुईमुगाची टरफलं चिकटवली आहेत. पुष्कळांना हे वयाचं लक्षण वाटतं. ती खवल्याखालच्या माइटची करामत असते. कोंबडी लंगडते, बोटं वाकडी होतात, वाढलं तर बोट झडतंही. एका कोंबडीचं दुसरीला लागतं, पण सावकाश.

उपाय घरचाच. कोमट पाण्यात साबण घालून दहा मिनिटं पाय भिजवायचे, जुन्या दातांच्या ब्रशनं हलक्या हातानं घासायचे, पुसून खोबरेल किंवा करंजाचं तेल नाहीतर व्हॅसलीन दाट लावायचं. किड्याला श्वास मिळत नाही. दोन-तीन दिवसांआड, तीन-चार आठवडे. खपली नखानं उपटायची नाही, रक्त येतं आणि जखम चिघळते. नवे खवले यायला पुढं काही महिने लागतात.

किडे येतात कुठून

बाजारातून आणलेली कोंबडी, दुसऱ्याच्या पोल्ट्रीतले अंड्याचे ट्रे, उसनं आणलेलं डालगं, पत्र्याखाली घरटं केलेल्या चिमण्या-पारवे, आणि उंदीर. जत्रेच्या आधी किंवा आखाडात गावरान कोंबड्याची मागणी वाढते, पक्षी या गावातून त्या गावात फिरतात. श्रावण लागला की विक्री थंडावते, खुराडी भरलेली राहतात आणि दमट हवा असते. किड्यांना सगळ्यात सोयीचा काळ तो. नवा पक्षी आणला की दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्यात, वेगळ्या जागी ठेवावा, मागची बाजू आणि पाय बघावेत, मगच कळपात सोडावा. बचत गटातून पिल्लं वाटप होतं तेव्हा ती जुन्या खुराड्यात थेट न सोडता आधी खुराडं तपासावं. रोगमुक्त पिल्लू किड्यांच्या घरात सोडलं तर दोष पिल्लाचा नसतो.

आणि एक फरक ध्यानात ठेवावा. कोंबड्या एका-दोन दिवसांत पटापट मरायला लागल्या, मान वाकडी झाली, हिरवी-पांढरी हगवण लागली, तर ते किड्यांचं काम नव्हे. ती मानमोडी असू शकते आणि तिथं राख-गंधक काही करणार नाही. त्याच दिवशी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करावा. आपल्या खंडाळा तालुक्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथंही विचारता येतं. जाताना मेलेला पक्षी दोन पिशव्यांत घट्ट बांधून न्यावा, आणि खुराड्यातून फिरवलेलं ते पांढरं फडकंही सोबत न्यावं.